मागच्या गाडीवाल्यासाठी बदललेले दिवे

साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की कोल्हापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्री गाडी चालवणे हे निराळेच काम होऊन बसते. कागलचा रस्ता असो, गडहिंग्लजचा असो की राधानगरीचा, पुढे ट्रॅक्टर, त्यामागे उसाने ठासून भरलेल्या दोन ट्रॉल्या आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे बहुधा काहीच नाही. दिवा असलाच तर फुटलेला, परावर्तक पट्टी असलीच तर चिखलाने आणि पाचटाने झाकलेली. समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रखर झोतात अशी ट्रॉली अगदी अंगावर आल्यावरच दिसते. या रस्त्यांवर वर्षानुवर्षे ये-जा केल्यानंतर माझे लक्ष आपसूकच स्वतःच्या गाडीच्या मागच्या बाजूकडे वळले आणि मी माझ्या जुन्या हॅचबॅकचे टेल लॅम्प, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर एलईडीवर आणले. त्या कामात जे समजले ते येथे सविस्तर लिहितो, कारण बाजारात या विषयावर मिळणारा सल्ला बहुतेक वेळा ‘लई लख्ख पडतंय’ इथेच थांबतो.

मागच्या दिव्यांच्या बाबतीत लख्खपणा हा मुख्य निकष नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. हेडलाइटने आपल्याला रस्ता दाखवायचा असतो. मागच्या दिव्याने काहीही उजळायचे नसते, त्याने फक्त सांगायचे असते. पुढे वाहन आहे, ते वेग कमी करत आहे, ते डावीकडे किंवा उजवीकडे वळणार आहे, या तीन गोष्टी मागच्या चालकाला एकमेकींपासून वेगळ्या आणि क्षणात वाचता आल्या पाहिजेत. बल्ब बदलल्यावर ही वाचनीयता वाढली की घटली, एवढाच प्रश्न विचारायचा असतो, आणि त्याचे उत्तर चालकाच्या आसनावर बसून कधीच मिळत नाही.

आधी काय होते ते सांगतो. माझ्या गाडीत, आणि त्या काळातल्या बहुसंख्य मोटारींत, टेल लॅम्प आणि ब्रेक लाइट यांसाठी एकच बल्ब असतो. त्यात दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजळणाऱ्या टंगस्टनच्या तारा, असतात, एक ५ वॅटचे आणि दुसरे २१ वॅटचे. अंधार पडल्यावर दिवे लावले की ५ वॅटचे पेटते, ब्रेकवर पाय पडला की २१ वॅटचे. या बल्बचा प्रमाणित प्रकार पी२१/५डब्ल्यू. इंडिकेटरसाठी पीवाय२१डब्ल्यू, म्हणजे २१ वॅटचा नारिंगी काचेचा बल्ब, आणि पुढच्या मडगार्डवरच्या लहान इंडिकेटरसाठी ५ वॅटचा बिनटोपीचा बल्ब. नारिंगी बल्बच्या टोपीवरच्या दोन खुंट्या समोरासमोर नसून थोड्या तिरक्या असतात आणि दोन फिलामेंटच्या बल्बच्या खुंट्या कमी-अधिक उंचीवर असतात. चुकीच्या होल्डरमध्ये चुकीचा बल्ब बसू नये, यासाठी ही सोय केलेली आहे. एलईडी बल्ब विकत घेताना सर्वांत आधी हीच टोपी जुळवून पाहावी. कानशीने खुंटी घासून बल्ब बसवून देणारे कारागीर मी पाहिले आहेत आणि त्यांच्या हातात गाडी देऊ नये.

एलईडीचा खरा फायदा वेगाचा आहे. टंगस्टनच्या तारेला प्रकाश देण्यापूर्वी अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापावे लागते आणि ब्रेक लाइटच्या जाड तारेला पूर्ण तेजापर्यंत पोहोचायला सुमारे ०.२ सेकंद लागतो. एलईडीत तापण्याचा प्रश्नच नसल्याने तो आपल्या दृष्टीने तत्काळ पेटतो. ०.२ सेकंद ही गोष्ट कागदावर क्षुल्लक वाटते. मात्र पुणे–बंगळुरू महामार्गावर ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते, म्हणजे ०.२ सेकंदात जवळजवळ साडेचार मीटर. चार मीटरच्या आतली माझी संपूर्ण हॅचबॅक त्या अंतरात मावते. मागचा चालक कितीही दक्ष असला तरी जो दिवा अजून पेटलेलाच नाही तो त्याला दिसणार नाही, आणि म्हणून हा लाभ त्याच्या कौशल्यावर अवलंबून नाही. अमेरिकेत १९८६च्या मॉडेलपासून मोटारींना मागच्या काचेपाशी उंचावर तिसरा ब्रेक लाइट सक्तीचा झाला. एलईडीने मोटारीत जी पहिली पावले टाकली त्यांत या दिव्याचा क्रमांक वरचा आहे, आणि लाल एलईडी हा एलईडींतला सर्वांत आधी उपयुक्त झालेला रंग असल्याने ते स्वाभाविकच होते.

आता मूळ अडचणीकडे येतो. ५ वॅट आणि २१ वॅट यांतला फरक आकड्यांत चौपट दिसतो, पण प्रकाशात तो चौपट नसतो. प्रमाणित पी२१/५डब्ल्यू बल्बचे मोठे फिलामेंट ४४० लुमेन (लुमेन हे प्रकाशाचे माप) देते आणि लहान फिलामेंट फक्त ३५. म्हणजे ब्रेक दाबताच प्रकाश साडेबारा पट होतो. ब्रेक लागल्याचे मागच्या माणसाला कळते ते या झेपेमुळे. दिवा स्वतः किती तेजस्वी आहे यामुळे नव्हे. युरोपीय नियमांत एकाच दिव्यातून दोन्ही कामे होत असतील तर ब्रेक आणि टेल यांच्या तीव्रतेचे प्रमाण किमान पाचास एक असावे, अशी अट घातलेली आहे, तीही याच कारणासाठी.

स्वस्त एलईडी बल्ब नेमके येथे नापास होतात. त्यांच्यात टेल आणि ब्रेक यांसाठी बहुधा तेच एलईडी वापरलेले असतात आणि टेलच्या वेळी एखादा रोधक मध्ये घालून प्रवाह थोडा कमी केलेला असतो. दुकानात बल्ब हातात धरून दाखवला जातो तेव्हा टेलदेखील झगझगीत दिसला की ग्राहक खूश होतो. परिणामी गाडीला असा टेल लॅम्प लागतो की जो सदैव ब्रेक लागल्यासारखा दिसतो, आणि ब्रेक लागला तरी मागच्याला फरक जाणवत नाही. रात्री तावडे हॉटेलच्या चौकातून शहरात येताना अशा गाडीमागे सापडलो की माझा पाय विनाकारण ब्रेककडे जातो, आणि ती खरोखर थांबते तेव्हा मला ते तिच्या आकारावरून कळते. जुना मिणमिणता बल्ब यापेक्षा शतपटीने बरा.

हे प्रमाण घरी तपासता येते. अंधारात गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी, फोनमध्ये प्रकाश मोजणारे एखादे ॲप घ्यावे, फोन दिव्यासमोर ठरावीक अंतरावर स्टुलावर ठेवावा आणि टेलचा व ब्रेकचा आकडा टिपावा. ब्रेकच्या पॅडलवर दाब ठेवण्यासाठी आसन आणि पॅडल यांच्यामध्ये काठी अडकवली की दुसऱ्या माणसाची गरज पडत नाही. फोनचा आकडा निरपेक्ष अर्थाने फारसा विश्वसनीय नसतो, पण आपल्याला दोन आकड्यांचे गुणोत्तर हवे आहे आणि त्यासाठी तो पुरेसा आहे. फोनने काढलेल्या छायाचित्रावर मात्र विसंबू नये, कारण कॅमेरा स्वतःच उजेड कमी-जास्त करून घेतो आणि लाल रंग तर त्यात हमखास फुटतो. मी निवडलेल्या बल्बमध्ये टेलसाठी वेगळे, थोडेसेच एलईडी आहेत आणि ब्रेकच्या वेळी उरलेले सर्व पेटतात. गुणोत्तर जुन्या बल्बच्या जवळपास आले, म्हणून तो ठेवला.

वॅटचे आकडे पाहून खरेदी करणाऱ्यांसाठी दोन शब्द. अंगठ्याएवढ्या बल्बवर ‘१०० वॅट’ असे छापलेले आढळते. एवढी वीज त्या आकाराच्या वस्तूत प्रत्यक्षात गेली तर काही मिनिटांत होल्डरचे प्लॅस्टिक वितळेल. मीटर लावून पाहिला तर असे बल्ब साधारण पाव ते अर्धा अँपिअर, म्हणजे ३ ते ६ वॅट घेतात, आणि तेवढे पुरेसे असतात. त्याहून महत्त्वाची तपासणी म्हणजे बल्ब वीस मिनिटे पेटता ठेवून पुन्हा मोजणे. एलईडी तापला की त्याचा प्रकाश उतरतो. टेल लॅम्पचे कवच बंद असते, त्यात वारा खेळत नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तर आधीच आत भट्टी असते. सुरुवातीला डोळे दिपवणारा आणि वीस मिनिटांनी निम्म्यावर येणारा बल्ब घेण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा दिव्याच्या आतल्या आरशाचा. टेल लॅम्पचा परावर्तक बनवताना असे गृहीत धरलेले असते की प्रकाश एका ठरावीक बिंदूतून, म्हणजे फिलामेंटच्या जागेतून, चहूबाजूंनी फेकला जाईल. तो आरशावर आदळून एकसारखा मागे आणि थोडा बाजूंना पसरतो. ज्या एलईडी बल्बचे सर्व एलईडी टोकावर, मागच्या दिशेला तोंड करून बसवलेले असतात, ते आरशाला जवळजवळ वापरतच नाहीत. काचेच्या मध्यभागी एक टोचणारा ठिपका आणि भोवती काळोख असे दृश्य तयार होते. सरळ मागून ते प्रखर दिसते, पण शेजारच्या रांगेतून किंवा वळणावरून पाहिले तर दिवा जवळपास नाहीसा होतो. पन्हाळ्याच्या चढावर किंवा करूळ घाटात मागचे वाहन नेहमीच आपल्या बरोबर पाठीमागे नसते, ते वळणाच्या अलीकडच्या टप्प्यावर असते. म्हणून ज्याचे एलईडी बुंध्याभोवती चारही बाजूंना असतात आणि ज्यांची उंची जुन्या फिलामेंटच्या उंचीशी जुळते, असाच बल्ब घ्यावा. जुना आणि नवा बल्ब टेबलावर शेजारी ठेवून पाहिले की ही उंची लगेच ध्यानात येते.

रंगाविषयी सर्वाधिक गैरसमज आहे. काच लालच आहे, मग आत पांढरा बल्ब चालेल आणि तो जास्त प्रकाश देईल, असा तर्क केला जातो. फिलामेंटच्या बाबतीत तो बरोबर होता, कारण तापलेल्या तारेच्या प्रकाशात लाल आणि नारिंगी भाग भरपूर असतो. पांढरा एलईडी मात्र मुळात निळा असतो. त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा भासतो आणि त्याच्या प्रकाशात गडद लाल भाग थोडाच असतो. लाल काच बाकीचा सगळा प्रकाश अडवते, त्यामुळे बराचसा प्रकाश वाया जातो, आणि काच फिकी असेल तर दिवा गुलाबी दिसू लागतो. शिवाजी उद्यमनगरातले ज्येष्ठ ऑटो इलेक्ट्रिशियन, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, त्यांनी हे एका वाक्यात निकालात काढले. ‘लाल काचंमागं लाल, पिवळ्या काचंमागं पिवळा, आणि साहेब, सीटवर बसून काय कळणार हाय, रस्त्याच्या पल्याड जाऊन मागनं बघा की.’ पारदर्शक काचेच्या इंडिकेटरला तर नारिंगी एलईडीच हवा. तेथे पांढरा लावला तर तो इंडिकेटरच उरत नाही. पांढऱ्या एलईडीची योग्य जागा एकच, मागे घेतानाचा दिवा. तेथे काच स्वच्छ असते, तुलना करायला दुसरा संकेत नसतो आणि गल्लीत गाडी मागे घेताना तो उजेड प्रत्यक्ष कामाला येतो.

टेल आणि ब्रेकचे काम येथे संपते. इंडिकेटरचे मात्र वेगळे शास्त्र आहे, कारण तेथे बल्बबरोबर फ्लॅशरचाही विचार करावा लागतो.

जुन्या गाड्यांत डॅशबोर्डखाली एक छोटा फ्लॅशर असतो आणि इंडिकेटरच्या वेळी येणारा ‘टिक-टिक’ आवाज त्याचाच असतो. त्याचे काम फक्त उघडझाप करण्याचे नसते; किती प्रवाह वाहतो आहे यावर त्याची नजर असते. माझ्या गाडीत एका बाजूला पुढचा २१, मागचा २१ आणि मडगार्डवरचा ५, असे एकूण ४७ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला जवळपास ४ अँपिअर होतात. एखादा २१ वॅटचा बल्ब उडाला की प्रवाह सव्वादोनपर्यंत उतरतो आणि फ्लॅशर दुप्पट वेगाने मिचकावू लागतो, जेणेकरून चालकाला बल्ब गेल्याचे कळावे. मागे ३ वॅटचा एलईडी लावला की एकूण भार २९ वॅटवर येतो आणि फ्लॅशरच्या दृष्टीने ती स्थिती बल्ब उडाल्यासारखीच असते. म्हणून एलईडी लावल्याबरोबर इंडिकेटर घाईघाईने लुकलुकू लागतो. त्याहून जुना, आत तापणारी द्विधातू पट्टी असलेला फ्लॅशर असेल तर उलट घडते. पट्टी तापायला पुरेसा प्रवाहच मिळत नाही आणि इंडिकेटर एकतर अतिशय सावकाश चालतो किंवा पेटून तसाच राहतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार इंडिकेटर नारिंगी असावा आणि त्याची उघडझाप मिनिटाला ६० पेक्षा कमी व १२० पेक्षा जास्त नसावी. तेव्हा हा घाईचा इंडिकेटर केवळ कर्णकटू नाही तर नियमाबाहेरचाही असू शकतो. मागच्या चालकालाही तो विचित्र वाटतो, कारण अतिवेगाने लुकलुकणाऱ्या दिव्याचा प्रत्येक ठोका इतका आखूड होतो की मिचकावण्याऐवजी थरथर जाणवते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, आणि दुकानांत आग्रहाने सुचवला जाणारा, म्हणजे एलईडीशी समांतर एक रोधक जोडणे. सोनेरी ॲल्युमिनियमच्या कवचातला, ६ ओहमचा आणि ५० वॅट क्षमतेचा हा रोधक फ्लॅशरला जुन्या बल्बचा भास निर्माण करतो. गणित करून पाहा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो, तेव्हा ६ ओहममधून सुमारे सव्वादोन अँपिअर प्रवाह जातो आणि ३२ वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. म्हणजे वाचवलेली सर्व वीज, आणि वर थोडी अधिक, आपण डिकीच्या एका कोपऱ्यात जाळत बसतो. इंडिकेटर अर्धा वेळ बंद असल्याने सरासरी निम्मी होते हे खरे, तरीही घाटात बंद पडलेल्या गाडीचे चारही इंडिकेटर तासभर चालू राहिले तर तो रोधक हात लावता येणार नाही एवढा तापतो. तो प्लॅस्टिकच्या कवचाला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावलेला किंवा डिकीच्या गालिच्यामागे लोंबकळत ठेवलेला मी पाहिला आहे. लावायचाच असेल तर पत्र्याला नट-बोल्टने पक्का करावा, भोवतीच्या तारा त्याला टेकणार नाहीत असे पाहावे, आणि ब्रेक लाइटच्या जोडणीवर तो कधीही लावू नये, कारण सिग्नलला पाय ब्रेकवरच असतो आणि तेथे मधली विश्रांती नसते.

दुसरा उपाय म्हणजे फ्लॅशरच बदलणे, आणि मी तोच केला. भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बल्ब कितीही वॅटचा असला तरी ठरलेल्या वेगानेच मिचकावतो. त्याला तीन टोके असतात, बॅटरीकडून येणारे, दिव्यांकडे जाणारे आणि अर्थिंगचे. जुना फ्लॅशर दोन टोकांचा असेल तर अर्थिंगची तार नव्याने ओढावी लागते. तेवढे काम सोडले तर जुना उपसून नवा खोचणे एवढेच उरते. टोकांचा क्रम मात्र कंपनीगणिक बदलतो, म्हणून कवचावरची अक्षरे वाचून, मीटरने खातरजमा करूनच बसवावा. काही गाड्यांत फ्लॅशर आणि चारही इंडिकेटरचे बटण एकाच डबीत असते. अशा ठिकाणी हा मार्ग खुला नसतो आणि रोधकाला पर्याय राहत नाही.

नव्या फ्लॅशरची एक किंमत मोजावी लागते आणि ती कोणी सांगत नाही. बल्ब उडाल्याची सूचना बंद होते. एखादा इंडिकेटर मेला तरी डॅशबोर्डवरची टिक-टिक पूर्वीच्याच लयीत चालू राहते. म्हणून संध्याकाळी पार्किंगमधून निघताना मागच्या भिंतीवर किंवा दुकानाच्या काचेत दोन्ही बाजूंचे प्रतिबिंब पाहण्याची सवय लावून घेतली आहे.

दुचाकीचा विषय निराळा आणि अधिक गमतीचा आहे, कारण तेथे दोन अशा अडचणी उभ्या राहतात की ज्या मोटारीत सहसा येत नाहीत. अनेक मोटारसायकलींच्या मीटरवर डाव्या-उजव्या इंडिकेटरसाठी एकच सूचक दिवा असतो. तो डाव्या आणि उजव्या तारांच्या मध्ये जोडलेला असतो. डावा इंडिकेटर चालू असताना त्याचा प्रवाह उजव्या बल्बांमधून अर्थिंगपर्यंत पोहोचतो. उजव्या बाजूला १० वॅटचे फिलामेंट असते तोवर एवढ्याशा प्रवाहाने ते पेटत नाही. एलईडी लावला की तेवढ्या प्रवाहातही तो उजळतो आणि एक बाजू चालू केली तरी चारही इंडिकेटर मिचकावू लागतात. वळण्याची दिशा सांगणे हेच ज्याचे एकमेव काम, तो दिवाच दोन्ही दिशा दाखवू लागतो. उपाय स्वस्त आहे. दोन साधे डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, घ्यावेत, एकाचे पट्टी नसलेले टोक डाव्या तारेला आणि दुसऱ्याचे उजव्या तारेला जोडावे, दोघांची रुपेरी पट्टी असलेली टोके एकत्र करून सूचक दिव्याच्या एका बाजूला द्यावीत आणि दिव्याची दुसरी बाजू अर्थ करावी. लक्ष्मीपुरीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हे डायोड सुटे मिळतात आणि सोल्डर करणारा हात असेल तर काम लगेच होते.

दुसरी अडचण नंबर प्लेटची. बऱ्याच दुचाकींत टेल लॅम्पच्याच बल्बचा उजेड खालच्या पारदर्शक खिडकीतून नंबर प्लेटवर पडतो. लाल काचेमागे लाल एलईडी हा मामांचा नियम येथे पाळला तर नंबर प्लेट लाल उजेडात न्हाऊन निघते, आणि नियमानुसार ती पांढऱ्या प्रकाशात वाचता आली पाहिजे. पांढरा एलईडी लावला तर टेल गुलाबी आणि फिका पडतो. दोन्ही बाजू सांभाळणारे, म्हणजे खाली पांढरे आणि बाकी लाल एलईडी असलेले बल्ब मिळतात, परंतु होल्डरमध्ये त्याची खालची बाजू खरोखरच खाली आली पाहिजे. माझ्या मोटारसायकलीवर ती येत नव्हती, म्हणून तेथे मूळ फिलामेंटचा बल्ब कायम ठेवला आहे आणि त्याविषयी मला काही खंत नाही. ज्या जुन्या दुचाकींत टेल लॅम्प बॅटरीऐवजी थेट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, एसी विजेवर चालतो, तेथे इंजिन मंद असताना एलईडी फडफडतो. ब्रेक आणि इंडिकेटर बॅटरीवर असल्यास त्यांना हा त्रास होत नाही.

पावसाळ्याचा विचार कोल्हापुरात राहून टाळता येत नाही, त्यातही ज्याला अधूनमधून गगनबावड्याकडे जावे लागते त्याला तर नाहीच. जुन्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जाते, आणि त्या उष्णतेचा एक न सांगितलेला उपयोग असा की दिव्याच्या कवचात साचलेला दमटपणा त्याने सुकतो. एलईडीवर आल्यावर ती ऊब जाते. कवचाचे रबर थोडेसे जरी कडक झालेले असेल तर जुलैमध्ये काचेच्या आतून धुके धरते आणि दिवसेंदिवस हटत नाही. त्यामुळे बल्ब बदलतानाच रबर तपासावे, फाटले असेल तर नवे घालावे, होल्डरवरची हिरवट बुरशी बारीक पॉलिश पेपरने खरवडावी आणि अर्थिंगचा स्क्रू काढून खालचा पत्रा चकचकीत करून पुन्हा आवळावा. माझ्या अनुभवात एलईडी बल्बच्या नावाने केल्या जाणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी मुळात खराब अर्थिंगच्या असतात. जुना बल्ब अर्धवट अर्थिंगवरही मंद का होईना पेटत राहायचा. एलईडी अशा वेळी चुकीच्या वाटेने आलेल्या किरकोळ प्रवाहावर भलत्याच वेळी उजळतो. उलट, त्याच उष्णतेने होल्डरचे प्लॅस्टिक काळे पडून ठिसूळ होत असे, तो प्रकार मात्र आता थांबतो, आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तार तुटण्याचा प्रश्नही मिटतो.

पावसाचाच विषय निघाला आहे म्हणून सांगतो, धुक्यात किंवा मुसळधार पावसात चारही इंडिकेटर लावून घाट चढण्याची जी पद्धत पडली आहे ती मला समजत नाही. चारही चालू असताना वळण्याचा इशारा देताच येत नाही, आणि एलईडीच्या कडक उघडझापीने मागच्याचे डोळे अधिकच थकतात. त्या वेळी टेल लॅम्प आणि सौम्य हेडलाइट पुरेसे असतात.

दिवसाची तपासणीही करावी, आणि त्यासाठी गगनबावड्याहून कोल्हापूरकडे येणारा रस्ता उत्तम आहे. संध्याकाळी तुम्ही पूर्वेकडे येत असता आणि मावळतीचे ऊन थेट तुमच्या मागच्या दिव्यांवर पडते. आतला आरसा ते ऊन परत फेकतो, त्यामुळे न पेटलेला ब्रेक लाइटही पेटल्यासारखा दिसतो आणि पेटलेला ओळखू येत नाही. एका मित्राला मागून दुसऱ्या गाडीत यायला सांगितले आणि कळे गावाच्या अलीकडच्या सरळ पट्ट्यात अधूनमधून ब्रेक दाबत राहिलो. त्याचा अभिप्राय असा आला की टेल लॅम्पवरून ब्रेकवर जाणे स्पष्ट कळते, इंडिकेटर मात्र पूर्वीपेक्षा फारसा उठून दिसत नाही. नारिंगी फिलामेंटचा बल्ब २८० लुमेन देतो आणि मी आणलेला पहिला एलईडी बहुधा त्याच्या खालीच होता. तो बदलून अधिक एलईडींचा बल्ब घातल्यावर फरक पडला.

कायद्याविषयी थोडक्यात. दिव्याला जी मान्यता मिळालेली असते ती ठरावीक प्रकारच्या बल्बसह मिळालेली असते, त्यामुळे त्या कवचात एलईडी घालणे हा बदल आहे हे विसरू नये. गाडीत फेरफार करण्याविषयी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे आणि तपासणीच्या वेळी हरकत घेतली गेली तर तिला उत्तर देता आले पाहिजे. रंग, जागा आणि उघडझापीचा वेग यांत मी तसूभरही बदल केलेला नाही. ब्रेक दाबताच पोलिसांच्या गाडीसारखा फडफडणारा लाल-निळा बल्ब हल्ली राजारामपुरीच्या रस्त्यांवर सर्रास दिसतो. तो बसवणाऱ्यांना मागच्या माणसाशी काही देणेघेणे नसावे, असेच म्हणावे लागते.

माझ्या मेहुण्याने हे सर्व पाहून त्याच्या नव्या गाडीतही असेच करून द्यावे असा आग्रह धरला. मी नकार दिला. नव्या गाड्यांत स्वतंत्र फ्लॅशर नसतो. सर्व दिव्यांचा कारभार एक संगणकीय नियंत्रक पाहतो. तो दिवे बंद असतानाही सूक्ष्म ठोके पाठवून बल्ब शाबूत आहे का ते चाचपतो, आणि त्या ठोक्यांनी एलईडी बंद असतानाही मिणमिणतो. काही गाड्यांत टेल आणि ब्रेक एकाच फिलामेंटवर, वीज तुकड्या-तुकड्यांनी देऊन चालवलेले असतात. तेथे एलईडीचे टेल आणि ब्रेकचे गुणोत्तर काय होईल याचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी मिळणाऱ्या खास बल्बमध्ये आतच रोधक भरलेला असतो, म्हणजे पुन्हा तीच उष्णता, आणि तीही एलईडीच्या पाठीला लागून. त्यात वॉरंटी शिल्लक आहे. त्याला इतकेच सांगितले की मूळ बल्ब नामांकित कंपनीचे नवे घाल, जोडीने बदल, आणि काचेवरचा मळ पुसत जा. वर्षानुवर्षे चाललेल्या बल्बची काच आतून काळपट झालेली असते. नवा बल्ब घातल्यावर त्याच्या गाडीचा ब्रेक लाइट त्यालाच नवा वाटला.